पालिला विरुद्ध हवाई सरकार

न्यायालयांत जे दावे चालतात त्यांच्या कागदांवर वरच्या बाजूस वादी व प्रतिवादी यांचीं नांवें लिहिण्याची वहिवाट आहे. 'अमका विरुद्ध तमका' हीं अक्षरें, ज्यांच्या घरीं शेताच्या बांधावरून एकादा तंटा झाला असेल, त्यांच्या चांगल्याच परिचयाचीं असतील. इ. स. १९७८ च्या जानेवारी महिन्यांत, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं हवाई या संस्थानांत, तेथील मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयापुढें असाच एक दावा दाखल झाला. प्रतिवादीच्या जागीं हवाई सरकारच्या जमीन व नैसर्गिक संपत्ति खात्याचें नांव होतें. आणि वादींमध्यें पहिलें नांव होतें 'पालिला'. पालिला हें कोणा मनुष्याचें नांव नव्हे, कोणा संस्थेचेंही नव्हे. तो एक पक्षी आहे. आकारानें चिमणीहून थोडा मोठा; डोकें व छाती पिवळी, पाठ राखी, पोट पांढुरकें, आणि चोंच काळी, आंखूड व जाड.

विद्यार्थिमित्रहो, हें वाचून तुम्हांस हंसूं येईल. पांखरूं वकीलपत्रावर सही कशी करणार, आणि साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें राहून शपथ कशी घेणार? परंतु हवाई सरकारनें हा दावा हंसण्यावारी नेला नाहीं. तें खालच्या न्यायालयांत लढलें, वरच्या न्यायालयांत लढलें, पुन्हा एकदां दोन्हीकडे लढलें, आणि चारही वेळां हरलें. एका मूठभर वजनाच्या पक्ष्यानें एवढें कसें साधलें, आणि साधून त्याच्या पदरीं काय पडलें, ही हकीकत समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम त्या पक्ष्याचें घर पाहूं. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, कोणत्याही खंडापासून दोन हजार मैलांहून अधिक दूर, हवाई बेटें आहेत. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटावर मौना केआ नांवाचा एक निद्रिस्त ज्वालामुखी पर्वत उभा आहे. त्याची उंची सुमारें १३,८०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपट. हिवाळ्यांत त्याच्या माथ्यावर बर्फ पडतें. त्याच्या उतारावर, साधारण सहा हजार फुटांपासून साडेनऊ हजार फुटांपर्यंत, एक विरळ व कोरडें रान आहे. त्यांतील मुख्य झाड ममाने. हें आपल्याकडील हादगा व पांगारा यांच्याच कुळांतलें असून त्यास पिवळीं फुलें व लांबट शेंगा येतात. दुसरें झाड नायो. या ममाने-नायोच्या रानावांचून पालिला जगांत दुसरीकडे कोठेंही आपणहून राहत नाहीं.

असें कां, याचें उत्तर त्याच्या आहारांत आहे. ममानेच्या कच्च्या शेंगांतील बिया हेंच त्याचें मुख्य अन्न. एका पायानें शेंग फांदीवर दाबून धरावी, जाड चोंचीनें ती फाडावी आणि आंतील बीं काढून खावें, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. या बियांत विषारी द्रव्य असतें. दुसरा एकादा लहानसा प्राणी तेवढ्यानें मरून जाईल. पालिलास तें पचतें. पिलांना तो याच शेंगांतील अळ्या भरवितो, आणि घरटेंही बहुधा याच झाडावर बांधतो. अंडीं मोठीं थोडीं, एका वेळीं बहुधा दोनच. शिवाय ममानेस सगळ्या डोंगरावर एकाच वेळीं शेंगा येत नाहींत. उंचीप्रमाणें बहर पुढें-मागें होतो, आणि पालिला त्या बहराच्या मागें डोंगर चढत व उतरत असतो. म्हणून त्याला रानाचा एकादा तुकडा पुरत नाहीं. पायथ्याकडून माथ्याकडे गेलेला सलग पट्टा हवा असतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें न्यायालयांत ती महत्त्वाची ठरली.

पालिलाचे पूर्वज सुमारें पन्नास लाख वर्षांपूर्वीं आशिया खंडांतून या बेटांवर आले असें शास्त्रज्ञ मानतात. त्यांच्या भाऊबंदांपैकीं एक लालसर पक्षी अजूनही हिवाळ्यांत आपल्या सह्याद्रीच्या रानांत उतरतो. हवाईंत आलेल्या पूर्वजांपासून पन्नासाहून अधिक जाति निर्माण झाल्या. कोणाची चोंच सुईसारखी, कोणाची विळ्यासारखी वांकडी, कोणाची पोपटासारखी. त्यांतल्या वीसदेखील आज उरल्या नाहींत.

या बेटांवर मनुष्य येण्यापूर्वीं जमिनीवर राहणारा सस्तन प्राणी म्हणजे एक वटवाघूळ एवढाच होता. चरणारें जनावर एकही नव्हतें. आपल्या बोरीबाभळींना कांटे कां असतात, हें शेळीच्या मागें हिंडलेल्या मुलास सांगावयास नको. हवाईच्या झाडांना शेळी ठाऊकच नव्हती. तेव्हां कांट्याचें चिलखत चढवून बसण्याचें त्यांना कारण नव्हतें. १७७८ सालीं कॅप्टन कुकनें तेथें शेळ्या आणल्या, आणि १७९३ सालीं कॅप्टन व्हँकूव्हरनें मेंढ्या आणल्या. त्यांतलीं कांहीं जनावरें रानांत पळालीं, रानटी झालीं, आणि वाघ-लांडग्याचें भय नसल्यामुळें बेसुमार वाढलीं. १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत एकट्या मौना केआवर चाळीस हजारांच्या आसपास रानटी मेंढरें होतीं, असें सांगतात. त्या वेळच्या वनाधिकाऱ्यांना धोका कळला होता. त्यांनीं राखीव रानाभोंवतीं कुंपण घातलें आणि हजारों मेंढरें मारून काढलीं. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारचें धोरण उलटलें. मेंढरूं हें संकट न राहतां शिकारीचें जनावर झालें. शिकाऱ्यांसाठीं त्याचा कळप राखावयाचा असें ठरलें. एवढ्यावर न थांबतां १९६२ ते १९६६ या वर्षांत मूफ्लॉन नांवाचीं, मोठ्या वळणदार शिंगांचीं रानमेंढरें मुद्दाम आणून या डोंगरावर सोडण्यांत आलीं. हें सर्व रान सरकारी होतें, हें लक्षांत घ्यावें. मेंढरें कोणा खासगी मालकाचीं नव्हतीं. रानाचा मालक तोच मेंढरांचा पोशिंदा, आणि पक्ष्याचें रक्षण करण्याची जबाबदारीही त्याच्याच शिरावर.

मेंढरें पालिलास मारीत नाहींत. तीं त्याच्याकडे बघतसुद्धां नाहींत. तीं ममानेचीं कोंवळीं रोपें खातात, खालचे फुटवे खातात, झाडाची साल सोलतात. मोठीं झाडें बराच काळ उभींच राहतात, आणि दुरून पाहणाऱ्यास रान शाबूत दिसतें. पण त्या रानांत आजोबा आहेत आणि नातू नाहींत. ज्या ठिकाणीं अभ्यासासाठीं लहान लहान कुंपणें घातलीं होतीं, तेथें आंतील बाजूस ममानेचीं रोपें वाढलेलीं आणि बाहेरील बाजूस जमीन उघडी, असा देखावा दिसला. जो न्याय वकिलांना शब्दांनीं सांगावा लागतो, तो त्या तारेच्या दोन बाजूंनीं मुकाट्यानें सांगितला होता.

आतां कायद्याकडे वळूं. १९६७ सालींच पालिलाचें नांव नामशेष होऊं लागलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादींत गेलें होतें. १९७३ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें अशा प्राण्यांच्या रक्षणाचा एक कडक कायदा केला. त्यांत असें म्हटलें आहे कीं, यादींतील प्राण्यास कोणीही 'धरूं' नये. या 'धरणें' शब्दाच्या पोटांत कायद्यानें मारणें, पकडणें, जखमी करणें, छळणें आणि 'अपाय करणें' इतक्या गोष्टी घातल्या. अपाय म्हणजे काय, हें सांगतांना सरकारी नियमांनीं आणखी एक पाऊल टाकलें: ज्यायोगें प्राण्याचें खाणें, राहणें अथवा वीण यांत मोठा व्यत्यय येईल अशा रीतीनें त्याचें वसतिस्थान बिघडविणें, हाही अपायच होय. पालिलाचा सारा दावा या एका शब्दावर उभा होता. १९७७ सालीं मौना केआवरील ममाने-नायोचा पट्टा हा पालिलाचें अत्यावश्यक वसतिस्थान म्हणून कायद्यानें नोंदला गेला. त्याच सुमारास, पक्ष्याच्या संवर्धनासाठीं नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानें शेळ्यामेंढ्या डोंगरावरून काढून टाकाव्या असा सल्ला दिला. हवाई सरकारनें तो मानला नाहीं. तेव्हां दावा झाला.

पक्षी वादी कसा होऊं शकतो, या प्रश्नाकडे पुन्हा येऊं. आपल्या देशांतील लोकांना याचें फारसें आश्चर्य वाटूं नये. देवळांतील मूर्तीच्या नांवें जमीन असते. तिच्यातर्फे वहिवाटदार दावा लावतो. आणि मूर्ति ही कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति आहे, हें प्रिव्ही कौन्सिलनेंही १९२५ सालीं कलकत्त्याच्या एका प्रकरणांत मान्य केलें होतें. अज्ञान मुलाच्या वतीनें त्याचा पालक न्यायालयांत जातो. व्यापारी कंपनीला तर हात ना पाय, तरी ती रोज दावे लावते. मुक्याच्या वतीनें बोलणारा विश्वासू मनुष्य असला म्हणजे काम चालतें. पालिलाबरोबर सिएरा क्लब व ऑडुबॉन या नांवाच्या संस्था आणि एक प्राणिशास्त्रज्ञ हेही वादी होते. वकील होते सिएरा क्लब लीगल डिफेन्स फंड या संस्थेचे, जिनें पुढें अर्थजस्टिस हें नांव घेतलें. कायदा मोडला जात आहे असें दिसल्यास कोणाही नागरिकानें दावा लावावा, अशी मोकळीक १९७३ च्या कायद्यानेंच दिली होती. खरें सांगावयाचें तर, माणसें वादी असल्यामुळें पक्ष्याचा अधिकार तपासण्याची कोणास गरजच भासली नाहीं.

हवाई सरकारनें जो बचाव केला, त्यांतील एक मुद्दा मोठा गमतीचा आहे. १९२० सालीं मिसुरी संस्थान विरुद्ध हॉलंड या प्रसिद्ध खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें होतें कीं, स्थलांतर करणारे पक्षी आज एका संस्थानांत तर उद्यां हजार मैलांवर, म्हणून त्यांच्या रक्षणाचे कायदे परराष्ट्रांशीं केलेल्या कराराच्या आधारें मध्यवर्ती सरकार करूं शकतें. हवाईच्या वकिलांनीं हा निकाल उलटा फिरविला. आमचा पालिला तर एकाच डोंगरावर जन्मतो आणि तेथेंच मरतो. तो संस्थानाची सीमा ओलांडीत नाहीं. मग त्याच्यावर मध्यवर्ती कायद्याचा अंमल कसा? युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड वाटतो. पण त्याचा अर्थ असा होईल कीं, जो पक्षी जगांत एकाच ठिकाणीं उरला आहे त्यालाच राष्ट्राचें संरक्षण नाहीं. न्यायालयानें तो स्वीकारला नाहीं. परराष्ट्रांशीं झालेले करार आणि संस्थानासंस्थानांतील व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार यांच्या बळावर मध्यवर्ती सरकारास एकाच डोंगरावरील पक्ष्याचेंही रक्षण करतां येतें, असें ठरलें.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. मेंढरानें मारलेला एक तरी पालिला दाखवा, असें प्रतिवादींचें म्हणणें. वादींनीं उत्तर दिलें कीं, मेलेला पक्षी दाखवून मग कायदा जागा व्हावयाचा असेल, तर शेवटचा पक्षी मेल्यावरच तो पुरता जागा होईल.

दावा चालू असतांनाच, १९७८ च्या जूनमध्यें, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. टेनेसी संस्थानांत टेलिको नांवाचें धरण जवळजवळ पुरें होत आलें होतें. त्याच्या पाण्यानें एका बोटभर माशाचें वसतिस्थान बुडणार होतें. सर्वोच्च न्यायालयानें धरण अडविलें, आणि सांगितलें कीं एका बाजूस माशाची किंमत व दुसऱ्या बाजूस धरणाचा खर्च असा तराजू धरण्याचा अधिकार या कायद्यानें आम्हांस ठेवलेला नाहीं. (पुढें लोकसभेनें, म्हणजे त्यांच्या काँग्रेसनें, खास कायदा करून तें धरण पुरें करविलें, हीही गोष्ट सांगितली पाहिजे. न्यायालय कायदा लावतें. कायदा बदलणारे निराळे.) या निकालानें पालिलाचा पक्ष बळकट झाला.

न्यायाधीश होते सॅम्युएल किंग. ते हवाईचेच, त्यांचे वडील एके काळीं तेथील गव्हर्नर होते. १९७९ सालीं त्यांनीं निकाल दिला: पालिलाच्या रानांत शेळ्यामेंढ्यांचे कळप राखून हवाई सरकार त्या पक्ष्यास अपाय करीत आहे, दोन वर्षांत ते कळप काढून टाकावे. वादींनीं नुकसानभरपाईचा एक पैसा मागितला नव्हता, आणि मिळालाही नाहीं. १९८१ च्या फेब्रुवारींत अपील न्यायालयानें हा निकाल कायम केला.

परंतु त्या हुकुमांत मूफ्लॉन मेंढरांचा समावेश नव्हता. त्यांच्याविषयीं पुन्हा झगडा झाला. या वेळीं शिकाऱ्यांची एक संघटनाही सरकारच्या बाजूनें उभी राहिली. मूफ्लॉन व पालिला हे दोघेही एका रानांत नांदूं शकतील, कळप लहान ठेवला म्हणजे झालें, असें प्रतिवादींचें म्हणणें होतें. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. मूफ्लॉनही ममानेचीं रोपें खातो, हें सिद्ध झालें. १९८६ सालीं न्यायाधीश किंग यांनीं मूफ्लॉन काढण्याचा हुकूम दिला, आणि १९८८ सालीं अपील न्यायालयानें तोही कायम केला. त्या वेळच्या निकालपत्रांत न्यायाधीशांनीं असें लिहून ठेवलें कीं, पालिला हा स्वतःच्या हक्कानें, पंख पसरून, वादी म्हणून आमच्या न्यायालयांत आला आहे. हें वाक्य पुढें जगभर गाजलें. मात्र १६ वर्षांनीं, देवमाशांच्या एका दाव्यांत, त्याच अपील न्यायालयानें खुलासा केला कीं तें वाक्य निकालाचा बंधनकारक भाग नव्हतें, आणि प्राण्यास स्वतःच्या नांवें दावा लावण्याची परवानगी या कायद्यांत नाहीं. म्हणजे पालिलाचें वादीपण सौजन्याचें होतें. त्याचा विजय मात्र सौजन्याचा नव्हता. 'अपाय' शब्दाचा जो विस्तृत अर्थ त्यानें जिंकला, तोच १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठिपकेदार घुबडाच्या व एका सुतारपक्ष्याच्या रानाविषयींच्या प्रकरणांत ग्राह्य मानला. हा अर्थ नियमांतून काढून टाकण्याचा प्रस्ताव अमेरिकन सरकारनें २०२५ च्या एप्रिलमध्यें मांडला, यावरून त्या एका शब्दाची किंमत कळावी.

शिकाऱ्यांची बाजू थोडी ऐकली पाहिजे. ते सर्व हौशी श्रीमंत लोक होते असें कोणीं समजूं नये. त्या बेटावर अशीं पुष्कळ घरें आहेत कीं जेथें डोंगरावरून मारून आणलेल्या मेंढराचें मांस घरच्या चुलीवर शिजतें, शेजाऱ्यांत वांटलें जातें, आणि बाप मुलाला तो डोंगर व त्याच्या वाटा शिकारीच्या निमित्तानें दाखवितो. त्यांच्या तीन-चार पिढ्यांनीं मेंढरें पाहिलीं होतीं. पालिला फार थोड्यांनीं पाहिला होता. दूरच्या शहरांतील वकील येऊन आमच्या सरकारी रानांतलें आमचें अन्न काढून घेतात, असें त्यांना वाटलें तर तें अगदींच अस्वाभाविक नव्हे. मला मात्र यांत सरकारचा दोष मोठा वाटतो. ज्यानें रान राखावयाचें त्यानेंच आधीं मेंढरें सोडून लोकांना त्यांची संवय लावली, आणि मग पक्षी व शिकारी यांना एकमेकांसमोर उभें केलें.

येथें आपल्या मुलांना आपल्या माळढोकाची आठवण होईल. सोलापुराजवळ नान्नजच्या माळावर त्याच्यासाठीं अभयारण्य आहे, आणि तेथें तो आतां दिसेनासा झाला आहे. राजस्थान व गुजरात येथील माळांवर उरलेल्या माळढोकांस विजेच्या उंच तारांचा धक्का लागून मृत्यु येतो. म्हणून रणजितसिंह व इतर कांहींजणांनीं २०१९ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयांत लोकहिताची याचिका केली. २०२१ च्या एप्रिलमध्यें न्यायालयानें विस्तीर्ण प्रदेशांतील तारा जमिनीखालून नेण्याविषयीं हुकूम दिला. सरकारनें कळविलें कीं तो सगळा प्रदेश सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याच्या कामीं येणारा आहे, आणि सर्व तारा पुरणें शक्य नाहीं. २०२४ च्या मार्चमध्यें न्यायालयानें आपला हुकूम सौम्य केला आणि तपशील ठरविण्याचें काम तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविलें. धूरविरहित विजेची गरज आणि पक्ष्याची गरज या दोन्ही पारड्यांत घातल्या गेल्या. पालिलाच्या दाव्यांत न्यायाधीशांच्या हातीं तराजूच नव्हता. आपल्याकडे तो होता. दोहोंपैकीं कोणती रीत बरी, याविषयीं थोरामोठ्यांतही मतभेद आहेत, आणि वर्गांत यावर एक चांगला वादविवाद होऊं शकेल.

आतां मौना केआवर परत जाऊं. कोर्टाचा हुकूम मेंढराला वाचतां येत नाहीं. निकालानंतर शेळ्या त्या डोंगरावरून जवळजवळ नाहींशा झाल्या. मेंढरें मात्र राहिलीं. दरवर्षीं कांहीं मारलीं जात, आणि जुन्या, मोडक्या कुंपणांतून बाहेरचीं पुन्हा आंत येत. १९३० नंतर घातलेली तार गंजून गेली होती. नवी तार घालावयास पैसा लागतो, मनुष्यबळ लागतें, आणि ज्या लोकांत राहावयाचें त्यांचा राग पत्करावा लागतो. यामुळें हुकुमाची अंमलबजावणी वर्षानुवर्षें रेंगाळली. तरी कांहीं जागीं ममानेचीं नवीं रोपें दिसूं लागलीं, आणि २००३ च्या सुमारास पालिलांची संख्या सहा हजारांच्या वर मोजली गेली.

मग दुष्काळ पडला. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत बहुतेक वर्षीं पाऊस उणा झाला. ममानेस शेंगा कमी लागल्या. शेंगा कमी तेव्हां वीण कमी. जुनीं झाडें वाळूं लागलीं, आणि त्यांच्या जागीं यावयाचीं तरुण झाडें मेंढरांनीं चाळीस वर्षांपूर्वींच खाऊन टाकलेलीं होतीं. हीच ती गोष्ट, जी १९७९ सालीं कागदावर शाबीत झाली होती. रानटी मांजरें घरट्यांतील पिलें नेतात. उंदीर अंडीं खातात. खालच्या उतारावर डांसांमुळें पक्ष्यांना हिंवताप होतो, म्हणून तिकडे सरकतां येत नाहीं. पक्ष्यांची बहुतेक वस्ती पश्चिमेकडील एका उतारावर गोळा झाली. कांहीं वर्षांतच संख्या निम्म्याहून खालीं उतरली.

२००९ मध्यें वकील पुन्हा न्यायालयांत गेले. नवा दावा लावावा लागला नाहीं, कारण जुनाच हुकूम पाळला गेला नव्हता. शेवटीं २०१३ सालीं असें ठरलें कीं, सरकारनें पालिलाच्या वसतिस्थानाभोंवतीं सुमारें ५५ मैलांचें, मेंढरें ओलांडूं शकणार नाहींत असें उंच कुंपण मुदतींत पुरें करावें, आणि आंतील मेंढरें काढावीं. मध्यंतरीं त्या जिल्ह्याच्या लोकनियुक्त सभेनें विमानांतून जनावरें मारण्यास मनाई करणारा ठराव केला होता. परंतु मध्यवर्ती न्यायालयाच्या हुकुमापुढें तो टिकला नाहीं.

५५ मैलांचें कुंपण म्हणणें सोपें आहे. सात-आठ हजार फुटांवर, थंड वाऱ्यांत, ज्वालामुखीच्या खडकांत खांब रोंवावयाचे, जाळी ताणावयाची, खालून डुक्कर उकरणार नाहीं अशी तिची कड जमिनीशीं घट्ट बांधावयाची. आणि एवढें झाल्यावर तें कायम पाहत फिरावयाचें, कारण एका वादळांत एक झाड जाळीवर पडलें कीं तेवढ्या वाटेनें एक कळप आंत शिरतो. कुंपणाच्या आंत स्वयंसेवक, त्यांत शाळांतील मुलेंही असतात, ममानेचीं रोपें लावतात. ममाने हें सावकाश वाढणारें झाड आहे. आज लावलेल्या रोपास पालिलाच्या पोटापुरत्या शेंगा धरावयास बरींच वर्षें लागतात.

२०२१ च्या गणनेंत सबंध मौना केआवर पालिला सातशेच्या आंत भरले. गणना करणारे लोक पहाटे, वारा सुटण्यापूर्वीं, ठरलेल्या ठिकाणीं थोडा वेळ उभे राहतात, कान देतात, ऐकूं आलेली व दिसलेली प्रत्येक नोंद वहींत टिपून घेतात, आणि पुढच्या ठिकाणाकडे चढूं लागतात.